गाडी शिकायची, पण कुणाकडून?

मंडळी, बैल घ्यायचा झाला तर आपण काय करतो? खरसुंडीच्या बाजारात जातो. सोबत दोन जाणती माणसे नेतो. बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. तीन-चार ठिकाणी भाव करतो. मगच पैसे मोजतो. पोराला तालमीत घालायचे झाले, तरी वस्ताद कोण आहे, हे आधी विचारतो.

पण मोटार शिकायची वेळ आली, की हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! स्टँडाजवळ पहिली पाटी दिसली, की तिथे पैसे भरून मोकळे होतो. नाहीतर भावकीतला एखादा ड्रायव्हर गाठतो. "बाबा, जरा हात बसवून दे," एवढे म्हटले, की काम झाले असे आपल्याला वाटते.

बैल वाईट निघाला तर पैसे बुडतात. गाडी शिकवणारा वाईट निघाला तर माणूस मरतो. कधी आपण, कधी रस्त्याच्या कडेने शाळेला चाललेले एखादे पोर. म्हणून शिकवणारा कसा निवडावा, ते या पाठात आम्ही सांगणार आहोत. आम्ही सारा जन्म मास्तरकी केली. गाडीच्या इंजिनाची पारख आम्हांला बेताचीच आहे. पण शिकवणारा माणूस चांगला की वाईट, हे मात्र आम्हांला ओळखता येते.

पूर्वी कसे शिकत

चाकावरचे वाहन शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. ते सायकली विकत आणि त्या चालवायलाही शिकवत. पुढे १९१० साली त्यांनीच किर्लोस्करवाडी वसवली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. गाडी विकली म्हणजे काम संपले नाही, घेणाऱ्याला ती चालवता आली पाहिजे, हे त्या काळीही ठाऊक होते.

मग मोटारी आणि ट्रक आले. तेव्हा शिकण्याची शाळा म्हणजे ट्रकची केबिन. पोरगा क्लिनर म्हणून गाडीवर लागायचा. चाकात हवा भरायचा, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा, गाडी धुवायचा, उस्तादाची बोलणी खायचा. दोन-तीन वर्षे गेली, की एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचा.

या रीतीत एक गोष्ट चांगली होती. हातात गाडी येण्याआधी पोराचे डोळे शिकत. घाट कुठे वळतो, ढोर रस्त्यावर कसे येते, रात्री समोरचा दिवा डोळ्यांवर आला तर काय करायचे, हे तो वर्षानुवर्षे बघत असे. एक गोष्ट वाईटही होती. उस्तादाच्या खोडीसुद्धा पोराला लागत. उस्ताद वळणावर पुढच्या गाडीला ओलांडून जात असेल, तर पोरगाही तसाच जायचा.

आज कुणाला दोन-तीन वर्षे नाहीत. तीन आठवड्यांत गाडी शिकायची असते. दिवस कमी झाले म्हणजे शिकवणारा अधिक चांगला हवा. वाट आडवळणाची असली आणि वेळ थोडा असला, तर वाटाड्या जाणता लागतो, तसेच हे आहे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात १९८८ सालचा मोटार वाहन कायदा आहे. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. परवान्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवायची नाही, असे तो सांगतो. मोटारसायकल असो, मोटार असो की ट्रॅक्टर असो, परवाना लागतोच.

पहिल्यांदा मिळतो तो शिकाऊ परवाना. त्याची मुदत सहा महिने असते. तो मिळाल्यावर निदान तीस दिवस शिकायचे. त्यानंतरच पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

शिकाऊ माणसाने एकट्याने मोटार चालवायची नसते. शेजारी शिकवणारा बसलेला पाहिजे. त्याच्याजवळ त्या गाडीचा चालू परवाना पाहिजे. गाडी आवरता येईल, थांबवता येईल, अशा जागी त्याने बसले पाहिजे. शिवाय गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे इंग्रजी 'एल्' अक्षर लावायचे. एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी उजवीकडे एक आडवी रेघ, असे ते अक्षर असते. 'हा शिकाऊ आहे, जरा सांभाळून,' असा त्याचा अर्थ. ते लावण्यात कमीपणा काही नाही. नव्या सुनेला चार दिवस सगळे सांभाळून घेतात, तसे रस्त्यानेही नव्या चालकाला सांभाळून घ्यावे, म्हणून ती खूण.

वयाची अट नीट ध्यानात ठेवा. मोटारीला १८ वर्षे पुरी हवीत. गावात पुष्कळांना वाटते, की बिनगिअरची स्कूटर १६ वर्षांच्या पोराला चालते. तसे नाही. ती सवलत फक्त ५० सी.सी. पर्यंतच्या लहान इंजिनाच्या गाडीला आहे. बाजारात आपण घेतो त्या पेट्रोलच्या स्कूटरचे इंजिन बहुधा १०० सी.सी. च्या वर असते. तिला १८ वर्षेच लागतात. २०१९ साली कायदा कडक झाला. अल्पवयीन पोराने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "अहो, शेतावरच नेतो," ही सबब चालत नाही.

पाटी वाचा, परवाना वाचा

आता आपण वाचायला शिकलो आहोत. या विद्येचा उपयोग इथे करायचा.

मोटार शिकवण्याची शाळा कुणालाही काढता येत नाही. तिला परिवहन कार्यालयाचा परवाना लागतो. या कार्यालयाला आपण आर.टी.ओ. म्हणतो. साताऱ्याला, कराडला आणि सांगलीला अशी कार्यालये आहेत. साताऱ्याच्या गाडीचा नंबर एमएच ११ ने सुरू होतो, कराडच्या गाडीचा एमएच ५० ने आणि सांगलीच्या गाडीचा एमएच १० ने. शाळेचा परवाना पाच वर्षांसाठी असतो. तो शाळेत सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. शाळेत गेलात, की आधी भिंतीकडे बघा. परवाना दिसला तर जवळ जाऊन वाचा. नाव कुणाचे आहे? मुदत कधी संपते? परवाना दिसला नाही तर विचारा, "साहेब, शाळेचा परवाना कुठे आहे?" या प्रश्नाचा चांगल्या माणसाला राग येत नाही.

शाळेत काय काय असावे, हेही नियमात लिहिलेले आहे. फळा हवा. रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते हवेत. इंजिन, गिअर आणि ब्रेक दाखवता येतील अशी सोय हवी. पंक्चर काढण्याचे सामान आणि जॅक हवा. बसायला बाके हवीत. म्हणजे नुसती एक गाडी आणि झाडाखाली एक खुर्ची, याला शाळा म्हणत नाहीत.

शिकवणाऱ्या माणसालाही अटी आहेत. तो निदान दहावी पास हवा. आमच्या वेळी याला मॅट्रिक म्हणत. त्याला गाडी चालवण्याचा निदान पाच वर्षांचा अनुभव हवा. मोटारीच्या यंत्राचे शिक्षण त्याने घेतलेले हवे. वाहतुकीच्या खुणा त्याला पाठ हव्यात, आणि गाडीचा कुठला भाग काय काम करतो, ते दाखवून सांगता आले पाहिजे.

विलायतेत याबाबत फार कडक शिस्त आहे. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गाडी शिकवायची असेल, तर आधी सरकारी परीक्षा द्यावी लागते. शिकवताना गाडीच्या पुढच्या काचेवर बिल्ला लावावा लागतो. पुऱ्या शिक्षकाचा बिल्ला हिरवा आणि उमेदवारी करणाऱ्याचा गुलाबी. आपल्याकडे असा बिल्ला नाही. म्हणून विचारपूस आपणच करायची.

दोन ब्रेकची गाडी

शिकवण्याच्या मोटारीत एक खास सोय असते. शिकणाऱ्याच्या पायाखाली क्लच आणि ब्रेक असतात, तसेच शिकवणाऱ्याच्या पायाखालीही असतात. नियमाने ही सोय असलीच पाहिजे. आपण घाबरून चुकीचा पाय दाबला, तर शेजारचा माणूस गाडी थांबवू शकतो. पैसे भरण्याआधी गाडीचे डावे दार उघडा आणि खाली वाकून बघा. तिथे ब्रेक नसेल तर ती शिकवण्याची गाडी नव्हे.

पण या सोयीत एक खोच आहे. काही शिकवणारे आपले पाय ब्रेकवरून आणि क्लचवरून काढतच नाहीत. गाडी तेच चालवतात. आपण नुसते स्टिअरिंग धरून बसतो, आणि आठ दिवसांत घरी सांगतो, "मला येऊ लागली!" पुढे स्वतःची गाडी घेतली, की ती दारातच चार वेळा बंद पडते.

याला आमच्या शाळेतले उदाहरण द्यावेसे वाटते. पाटीवर मास्तरांनी आपला हात धरून 'क' काढला, तर तो 'क' सुंदरच येतो. पण तो 'क' कुणाचा? मास्तरांचा! आपला 'क' म्हणजे मास्तरांनी हात सोडल्यावर आपण काढतो तो. तुम्ही मोठेपणी अक्षरे शिकलात, तेव्हा हे तुम्हांला सांगायला नको. म्हणून पाच-सहा दिवस झाले, की मोकळ्या जागी शिकवणाऱ्याला स्वच्छ सांगा, "आता पाय मागे घ्या. चुकलो तर धरा, पण आधी मला करू द्या." जो हसून पाय मागे घेतो, पण डोळे रस्त्यावरच ठेवतो, तो चांगला शिक्षक.

चांगला शिक्षक कसा ओळखावा

पैसे भरण्याआधी एक दिवस मागच्या बाकावर बसून दुसऱ्याचा धडा बघू द्या, अशी विनंती करा. अर्ध्या तासात पुष्कळ कळते. काय बघावे?

एक, तो ओरडतो काय? भ्यालेल्या माणसाचे हातपाय आखडतात. आखडलेला पाय ब्रेकवर नीट पडत नाही. ओरडून बैलही शिकत नाही, मग माणूस कसा शिकेल?

दोन, तो आधी सांगतो की नंतर? "पुढे वळण आहे, आता आरसा बघा, इंडिकेटर द्या, गिअर कमी करा," असे जो वेळेवर सांगतो, तो शिकवतो. चूक होऊन गेल्यावर जो नुसता कपाळावर हात मारतो, तो शिकवत नाही.

तीन, तो 'का' सांगतो काय? क्लच हळू का सोडायचा, असे विचारा. इंजिन फिरत असते आणि चाके थांबलेली असतात. क्लच त्या दोघांची गाठ घालून देतो. गाठ एकदम घातली, की गाडीला हिसका बसतो आणि इंजिन बंद पडते. एवढे ज्याला साध्या भाषेत सांगता येत नाही आणि जो म्हणतो, "तुम्ही प्रश्न विचारू नका, मी सांगतो तसे करा," त्याच्याकडे विद्या कमी आहे असे समजावे.

चार, तो स्वतः कसा वागतो? पट्टा बांधतो काय? शिकवताना मोबाईलवर बोलत बसतो काय? तंबाखू मळत बसला, तर वेळेवर ब्रेक कोण दाबणार? पोर बापाचे ऐकत नाही, बापाचे बघते. शिकाऊ चालकही तसाच.

तासांचा हिशेब करा

आता थोडे गणित. मोटारीच्या शिक्षणाला निदान २१ दिवस द्यावेत आणि त्यांत प्रत्यक्ष गाडी चालवणे निदान १० तास व्हावे, असा नियम आहे. १० तास म्हणजे ६०० मिनिटे. २१ दिवसांनी भागले तर रोजची सुमारे २९ मिनिटे येतात. म्हणजे रोज अर्धा तास आपल्या हातात स्टिअरिंग पाहिजे.

असे समजा, की एका गाडीत चार जण बसवले आणि गाडी एक तास फिरवली. प्रत्येकाला किती वेळ मिळाला? पंधरा मिनिटे. २१ दिवसांची झाली ३१५ मिनिटे, म्हणजे सव्वापाच तास. पैसे दहा तासांचे दिले आणि माल निम्माच पदरात पडला! दुधाच्या डेअरीत अर्धा लिटर कमी मोजले तर आपण भांडतो. इथे का गप्प बसावे?

शाळेने प्रत्येकाने किती वेळ गाडी चालवली, याची नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय सही करू नका. पंधरा मिनिटे चालवली असतील आणि वहीत तीस लिहिली असतील, तर तिथेच बोट ठेवा. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. सहीला किंमत आहे, ती जपा. घरीही एक छोटी वही करा. तारीख, वेळ, किती मिनिटे आणि आज काय शिकलो, एवढे लिहा. वाचनाबरोबर लिहिण्याचाही सराव होईल.

आपला मुलूख ध्यानात घ्या

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. तिथे चढावर गाडी थांबवून परत सुरू करणे रोजचेच. सांगली कृष्णाकाठी, सपाट रानात. तिथे शिकलेल्या माणसाला कधी कधी चढ माहीतच नसतो. मग तो वाईहून पाचगणीला पसरणीच्या घाटाने निघतो, किंवा कराडहून चिपळूणला कुंभार्ली घाटाने. पुढची गाडी थांबते, म्हणून हाही थांबतो. आता निघायचे कसे? गाडी मागे घसरू लागते. मागे दुसरी गाडी असते. त्या क्षणी शिकवणारा शेजारी नसतो!

म्हणून सांगलीकरांनी पहिल्याच दिवशी विचारावे, "चढावर उभी गाडी हँडब्रेक लावून कशी उचलायची, ते शिकवाल ना? त्यासाठी चढ कुठे दाखवाल?" साताराकरांनी गर्दीचे विचारावे. पोवई नाक्यासारख्या चौकातून त्यांना सुखरूप जाता आले पाहिजे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालचा आहे. जुन्या काळचा असल्यामुळे तो अरुंद आहे. अशा जागी आपली गाडी किती रुंद आहे, याचा अंदाज शिकवणाऱ्याने करून द्यावा.

घाटात अरुंद जागा आली, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, असा रस्त्याचा नियम आहे. उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवायची. काही जण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. हे फार धोक्याचे आहे. गिअर असला म्हणजे इंजिनही गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. इंजिन बंद केले तर ब्रेक दाबायला जड जातो, स्टिअरिंगही जड होते. जो शिकवणारा न्यूट्रलची युक्ती शिकवतो, त्याला त्याच दिवशी रामराम करावा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊस. गळिताच्या हंगामात दिवस मावळला तरी रस्त्याने बैलगाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या चाललेल्या असतात. मागे दिवा नसतो. चमकणारी पट्टी कुणी लावतो, कुणी लावत नाही. समोरून दिवे आले, की काळोखातली ट्रॉली दिसतच नाही. म्हणून निदान दोन-तीन धडे संध्याकाळनंतर द्यावेत, असे शिकवणाऱ्याला सांगा. समोरून गाडी आली की दिवे खाली करणे, वेग कमी करणे, दिसते तेवढ्याच अंतरात थांबता येईल असे चालवणे, हे दिवसा शिकून येत नाही.

आणि पाऊस! ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगली, कराड कुणी विसरणार नाही. पुलावरून पाणी चालले असेल, तर गाडी घालायची नाही. पाणी गुडघाभर दिसते, पण खालचा रस्ता आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. "मी कितीतरी वेळा काढली आहे," अशी बढाई मारणारा माणूस शिकवायला नको.

परवाना काढून देतो, की गाडी शिकवतो?

हे दोन धंदे वेगळे आहेत. हे ज्याला कळले, तो फसणार नाही.

शिकाऊ परवान्याआधी एक छोटी परीक्षा असते. तीत रस्त्याच्या खुणा आणि नियम विचारतात. ती मराठीतून देता येते. शंभरात साठ गुण मिळाले की पास. २०२१ सालापासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरी बसूनही देता येते. त्यामुळे एक नवा मोह झाला आहे. कुणी म्हणतो, "काका, तुम्ही फक्त कागद द्या. परीक्षा आम्हीच देऊन टाकतो." काकांना बरे वाटते. पण पुढे काय? गोल पाटी आज्ञा करते, त्रिकोणी पाटी धोक्याचा इशारा देते, चौकोनी पाटी माहिती देते. हे काकांना कधी कळणार? परवाना खिशात असतो, ब्रेक पायाखाली असतो. वेळ आली म्हणजे खिशातला परवाना गाडी थांबवत नाही.

डोळ्यांचेही तसेच. दुसऱ्या गाडीच्या नंबराची पाटी २५ मीटरवरून आपल्याला ओळखता येते काय, असे अर्जात विचारलेले असते. म्हणजे सुमारे तीस ढांगा. तिथे खोटे लिहू नका. अंगणात उभे राहून करून बघा. नंबर इंग्रजी आकड्यांत असतो. ते आकडे येत नसतील तर आठ दिवसांत येतील. दिसत नसेल तर चष्मा करून घ्या.

सरकारी शुल्क किती आणि शाळेचे पैसे किती, हे वेगवेगळे लिहून घ्या. केंद्र सरकारने २०१६ साली ठरवलेले दर असे: शिकाऊ परवान्याला गाडीच्या प्रत्येक प्रकारामागे १५० रुपये आणि त्याच्या परीक्षेला ५० रुपये. पक्क्या परवान्याच्या चाचणीला प्रत्येक प्रकारामागे ३०० रुपये आणि परवान्याला २०० रुपये. दर बदलू शकतात, म्हणून भरतेवेळी सरकारी पावतीवरचा आकडा वाचा. वरचे पैसे कशाचे, असे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. "सगळे मिळून एवढे द्या, परवाना घरी येईल," असे जिथे ऐकाल, तिथून उठा.

कुणी सांगेल, "आमच्या शाळेचा दाखला असला, की आर.टी.ओ. ची चाचणी द्यावी लागत नाही." २०२१ साली मोठ्या मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी तसा नियम झाला हे खरे. पण तिथला मोटारीचा शिक्षणक्रम २९ तासांचा आहे. ८ तास वर्गात आणि २१ तास गाडीवर. गावोगावच्या साध्या शाळेच्या दाखल्याने चाचणी माफ होत नाही. आणि चाचणीला भ्यायचे कशाला? नापास झालात, तर सात दिवसांनी परत देता येते.

घरचा माणूस आणि बायांचे शिकणे

चुलता किंवा थोरला भाऊ शिकवू शकतो काय? स्वतःची मोटार शिकायला कायद्याची मनाई नाही, त्याच्याकडे परवाना असला म्हणजे झाले. पण घरच्या गाडीला दुसरा ब्रेक नसतो, आणि घरचा माणूस लवकर चिडतो. म्हणून आमचे सांगणे असे: पाया शाळेत घाला, नंतरचा सराव घरच्या माणसाबरोबर करा.

धंद्याचे मात्र वेगळे आहे. ट्रक, बस अशा वाहतुकीच्या गाडीच्या परवान्याला मोटार शाळेचा दाखला लागतो, वयही २० वर्षे लागते. त्यासाठी शिक्षण निदान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवणे १५ तास, असा नियम आहे. पूर्वी त्याला आठवी पास असण्याची अट होती. ती २०१९ साली काढून टाकली. त्यामुळे शाळा सुटलेल्या पुष्कळ तरुणांना पोटापाण्याची वाट मोकळी झाली. पण अट गेली म्हणून वाचन गेले असे नाही. पाटी वाचता आली नाही, तर घाटाचा इशारा कोण सांगणार?

आता बायांविषयी. २०२३ साली महाराष्ट्रात एस.टी. च्या बसवर स्त्रिया चालक म्हणून रुजू झाल्या. मग आपल्या घरच्या बाईला स्कूटर किंवा मोटार का येऊ नये? डेअरीला दूध घालणे, दवाखाना, पोरांची शाळा, सगळे तिला कुणाच्या तोंडाकडे न बघता करता येईल. शिकवायला बाई आहे काय, असे आधी विचारावे. नसेल तर दोघी-तिघींनी मिळून एका वेळचे धडे घ्यावेत. पण वर सांगितलेला मिनिटांचा हिशेब सोडू नये. शिकवणाऱ्याने स्टिअरिंगला हात लावावा, बाईच्या हाताला नव्हे. तोंडाने सांगून भागते. कुणी नको तसा वागला, तर लाजून गप्प बसू नये. घरी सांगावे, शाळेच्या मालकाला सांगावे, परिवहन कार्यालयात आणि पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. शाळेचा परवाना काढून घेण्याचा अधिकार परिवहन कार्यालयाला आहे.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी. शाळा पसंत पडली नाही तर सोडता येते. शिकाऊ परवाना तुमच्या नावाचा असतो, शाळेच्या नावाचा नव्हे. म्हणून सगळे पैसे एकदम भरू नका. निम्मे आधी, निम्मे नंतर. पावती घ्या.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

हे प्रश्न कागदावर उतरवून घ्या आणि खिशात ठेवा.

१. शाळेचा परवाना कुठे लावला आहे? त्याची मुदत कधी संपते?
२. मला कोण शिकवणार? रोज तोच माणूस असेल काय?
३. गाडीला दुसरा ब्रेक आहे काय? मी बघू का?
४. एका वेळी गाडीत किती जण असतील? माझ्या हातात रोज किती मिनिटे गाडी राहील?
५. चढावर, गर्दीत आणि रात्री असे तिन्ही धडे द्याल काय?
६. चाक बदलायला आणि तेल-पाणी बघायला शिकवाल काय?
७. सरकारी शुल्क किती? तुमचे पैसे किती? पावती द्याल काय?
८. परीक्षा मीच देईन. तयारी करून घ्याल काय?

सगळ्या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर खुशाल पैसे भरा. दोन-तीन उत्तरे टाळली, तर पुढच्या शाळेत जा. चार रुपये जास्त पडले तरी पडू द्या. गाडी एकदाच शिकायची असते आणि जन्मभर चालवायची असते. तुम्ही शिकलात, की उद्या तुमच्या गाडीत म्हातारी आई बसेल, लेकरे बसतील. त्यांना परवाना वाचता येत नाही, शिकवणारा निवडता येत नाही. त्यांच्यासाठी आज तुम्हीच तो निवडायचा आहे.